न पोळलेले पाय

आण्णांच्या आधी सहाजण विस्तवात उतरले आणि सहाच्या सहा पळाले.

पळाले म्हणजे अगदी उड्या मारत. आमच्या चिंचदऱ्याच्या भैरोबाच्या यात्रेत देवळासमोर बारा हात लांबीचा चर खणतात, त्यात बाभळीची खोडं जाळतात आणि दिवस उगवायला निखारे सारखे करून नवसाची माणसं त्यावरून अनवाणी जातात. चालायचं, पळायचं नाही, असा नियम. जो शांतपणे चालत गेला त्याला देव पावला, त्याचा नवस पोचला. जो पळाला त्याला कुणी वाईट म्हणत नाही, नुसतं ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हणतात आणि पाठीवर थाप मारतात. त्या वर्षी सरपंचांचा पैलवान भाऊ तर तिसऱ्याच पावलाला ‘आयायायाय’ करत बाजूला उडाला आणि बायकांच्या घोळक्यात हशा पिकला.

मग आण्णा उतरले.

आण्णा म्हणजे माझे वडील, दत्तोबा पतंगे. गावात सगळे दत्तू टेलर म्हणायचे. गळ्यात टेप, कॉलरला चार टाचण्या टोचलेल्या आणि तोंडात कायम ‘शनिवारी देतो’. कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी वाट बदलणारा माणूस. तो आज विस्तव तुडवणार आहे हे मला आणि आईला त्याच दिवशी पहाटे कळलं होतं. नवस कसला, म्हणून आईनं खोदून खोदून विचारलं, पण नवस आधी सांगायचा नसतो एवढं एकच ते बोलत राहिले.

“भैरोबाच्या नावानं चांगभलं!” निवृत्ती गुरवानं आरोळी दिली.

आण्णांनी निखाऱ्यावर पाय ठेवला. दुसरा ठेवला. बाजारातून मेथीची जुडी घेऊन घरी यावं तसे ते चालत होते. मी आईचा दंड इतका गच्च धरला होता की नंतर चार दिवस तिथं वळ होता. अर्ध्यावर गेल्यावर त्यांनी काय करावं? ते थांबले! विस्तवात उभे राहिले, देवळाकडे वळले, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. गर्दीतला आवाजच गेला. मग पुन्हा तशीच सावकाश पावलं टाकत ते पलीकडे निघून गेले.

पुढं जो गलका उठला तो काय सांगू! निवृत्तीतात्यांनी त्यांना मिठी मारली. गुलाल उधळला. कुणीतरी फेटा बांधला. पंचवीस वर्षांत असं कुणी चाललं नव्हतं म्हणे. आणि आमचे आण्णा, ज्यांना लग्नाच्या पंगतीत दुसरा जिलबीचा तुकडा मागायचीही लाज वाटायची, ते त्या गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गुलाल ओला होऊन गालावर उतरला होता.

“वैजे,” ते म्हणाले, “सुटलीस तू. आजपासून सुई बंद.”

मी अठरा वर्षांची होते. अकराव्या वर्षी, पाचवीत असताना, मी अशी वाळले होते की शाळेचा स्कर्ट पिन लावूनही कमरेवर राहत नव्हता. दिवसभर पाणी प्यायचे आणि दिवसभर परसाकडे धावायचे. एक दिवस वर्गात पडले ती शुद्धीवर आले जिल्ह्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून द्यायचं, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. आईनं सुई बघितली आणि भिंतीला टेकली. टोचायला आण्णाच शिकले. “सगळा जन्म सुई धरण्यात गेला, आता ही पण धरतो,” असं ते नर्सबाईंना म्हणाले होते. पहिले दोन महिने मला टोचून झालं की बाहेर ओसरीवर जाऊन पाठमोरे उभे राहायचे. ते रडतात हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

साखर तशी आण्णांनाही होती. चार वर्षांपूर्वी निघाली होती. त्यांना एक पांढरी गोळी दिली होती, ती ते आठवण झाली तर घ्यायचे आणि बहुतेक झालीच नाही. “माझी आपली वयाची साखर गं,” म्हणायचे, “तुझी ती खरी.” त्यांच्या साखरेची आमच्या घरात कुणी दखलच घेतली नाही. मीसुद्धा नाही. माझ्या साखरेनं सगळं घर व्यापलं होतं.

“सुईची पिशवी कुठाय?” मी विचारलं.

“देवाच्या पायाशी. पहाटेच ठेवली. तसंच बोललो होतो. मी न पळता गेलो तर पोरीचं दुखणं तुझं, सुई पण तुझी.”

दोन्ही बाटल्या, सगळ्या सिरिंजा, कापूस. घरात फ्रिज नव्हता, म्हणून मी ओल्या वाळूतल्या मडक्यात जपून ठेवायचे ते सगळं गाभाऱ्यात.

आता खरं सांगते. मला राग यायला हवा होता. तेरा वर्षांची असताना यात्रेच्याच नादात मी दोन वेळचं इन्शुलिन चुकवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी सलाइन लावलेल्या हातांनी जागी झाले होते. मला सगळं माहीत होतं. तरीपण त्या सकाळी, गुलालात न्हालेल्या बापाकडे बघताना, माझ्या मनात आलं ते एवढंच, की असेल. कशावरून नाही? माणूस विस्तवात उभा राहतो आणि त्याला काही होत नाही, तर मग माझं का सुटणार नाही? सात वर्षं पोटावर, मांडीवर, दंडावर टोचून घेतल्यावर कुणी ‘सुटलीस’ म्हटलं तर माणूस खातरजमा करत बसत नाही हो.

घरी आलो. मी सकाळची सुई घेतली नाही आणि आईनं तव्यावरून उतरवलेली पहिली पुरणपोळी तुपात बुडवून खाल्ली. तिनं फक्त मी खाताना माझ्याकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे बघितलं आणि दुसरी लाटायला घेतली.

नऊच्या सुमारास लोक यायला लागले. ज्याला देव पावला त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, म्हणजे आपल्यालाही थोडं पुण्य लागतं, अशी पद्धत. ओसरीवर सतरंजी घातली, आण्णांना भिंतीला टेकवून बसवलं आणि ते पाय लांब करून बसले, बिचारे संकोचून अर्धे झालेले. माणसं येत होती, वाकत होती, आण्णा प्रत्येकाला “अरे, राहू दे, राहू दे” म्हणत होते.

“अवो, निदान पाय तरी धुवून बसा,” आई म्हणाली. “राखंत माखलेत सगळे.”

“राखच तर घ्यायला आल्यात लोकं,” आण्णा म्हणाले आणि सगळे हसले.

मी आत-बाहेर करत होते. लोकांना पाणी द्यायचं निमित्त होतं. रांजणात तांब्या बुडवायचा, बाहेर एक द्यायचा आणि येता येता एक स्वतः प्यायचा. अकरा वाजेपर्यंत मी सात तांबे प्यायले. सातव्याला मी मोजतेय हे माझ्या लक्षात आलं. जीभ टाळूला चिकटत होती. पोटात पुरणपोळी ढवळत होती. ऊन आहे, चैत्राचं ऊन, असं मी स्वतःला सांगितलं आणि आठवा तांब्या उचलला.

तेवढ्यात ठकूआजी आली. शेजारचीच, ऐंशीची, डोळ्यांनी अधू. ती वाकली, तिनं दोन्ही तळव्यांनी आण्णांचे पाय घट्ट धरले, वरपासून खालपर्यंत चाचपले आणि हात कपाळाला लावले.

“घामेजलेत गं पाय देवमाणसाचे,” ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

पदर पांढरा होता. त्याच्यावर राखेचा डाग पडला आणि त्या राखेत लालसर पाणी होतं.

मी तांब्या खाली ठेवला. आण्णांच्या पायाशी बसले. लोकांना वाटलं लेक पाया पडतेय. मी उजवा पाय हातात घेऊन तळवा वर केला. राखेखाली तळव्याची कातडी सुटली होती. टाचेवर लिंबाएवढा फोड होता, तो फुटून पाणी ठिबकत होतं. करंगळीच्या बुडाशी तर काळं पडलं होतं. आणि आण्णा माझ्या डोक्यावरून पलीकडे बसलेल्या पोस्टमनशी पोतडीभर गप्पा मारत होते.

“आण्णा, दुखतंय?”

“काय?”

“पाय.”

“छ्या! काही न्हाई बघ. देवाची करणी.”

त्यांच्या कॉलरवर नेहमीसारख्या टाचण्या होत्या. मी उठून त्यातली एक काढली, पुन्हा खाली बसले आणि तळव्याच्या धडधाकट भागावर, अंगठ्याच्या मागं, टोचली. आण्णा पोस्टमनला सांगत होते की गणवेशाच्या खाकीला आता पहिल्यासारखा पोत राहिला नाही. मी आणखी आत टोचली. रक्ताचा थेंब आला. खाकीचं चालूच होतं.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. गेलं वर्षभर आण्णा दुकानातून एकाच चपलेनं घरी यायचे. दुसरी कुठंतरी रस्त्यात पायातून निसटलेली असायची आणि त्यांना पत्ता नसायचा. आई म्हणायची, “आज कुणाला दान केली?” आणि आम्ही पोट धरून हसायचो. तालुक्याच्या डॉक्टर मुजावर मॅडमच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता होता, त्यावर पायाचं चित्र होतं. मी सात वर्षं त्या तक्त्यासमोर बाकड्यावर बसत आले होते. त्यावर लिहिलेलं मला पाठ होतं, पण ते मी माझ्या पायांसाठी वाचलं होतं.

देवानं आण्णांना पोळू दिलं नव्हतं असं नाही. ते पोळले होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

मी उठून लोकांना सांगितलं की आण्णांना जरा झोपू द्या, दुपारी या. आईनं माझा चेहरा बघितला आणि ओसरीचं दार ओढून घेतलं.

“काय गं?” आण्णा म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

“तुमचा पाय बघा.”

“बघितला की.”

“तळवा बघा आण्णा.”

त्यांनी पाय मांडीवर घेतला. बराच वेळ बघत राहिले, जसं एखाद्या दुसऱ्याच्याच कापडाचा फाटका भाग बघावा. मग त्यांनी फोडाच्या जागी बोट लावलं, दाबलं, पुन्हा दाबलं.

“मग मला लागलं कसं न्हाई?”

“लागायला पाय जिवंत पाहिजेत.”

असं मी बोलून गेले. आज सव्वीस वर्षं झाली, ते वाक्य मला परत घेता आलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा गुलाल तसाच होता आणि त्याच्या खालचा माणूस विझून गेला.

“तुमची ती वयाची साखर,” मी जरा हळू म्हणाले. “ती नसा खाते. आधी पायाच्या. चप्पल निसटलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. विस्तवही कळत नाही.”

“म्हणजे देवानं...” ते थांबले. “म्हणजे माझा नवस?”

मी काय सांगणार? त्या माणसाला आयुष्यात एकदा अख्ख्या गावानं खांद्यावर घेतलं होतं, तेही त्यानं स्वतःसाठी मागितलं नव्हतं, आणि दुपार व्हायच्या आत मी ते काढून घेत होते. आण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. माझे ओठ बघितले, सुकलेले. रांजणाजवळचा तांब्या बघितला.

“वैजे, तू किती पाणी प्यालीस?”

“आठ तांबे.”

“सकाळपासून?”

“हो.”

“ओकारी येतीय?”

“थोडी.”

आण्णा ताडकन उठून आईला ओरडले, “कले, पिशवी! तिची पिशवी देवळात...” ते दाराकडे धावले आणि मी त्यांच्या पोटाला मिठी घालून ओरडले, “पाय टेकवू नका! आण्णा, पाय टेकवू नका!” आईनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. आमची तिघांची ती झटापट चाललेली असतानाच दारावर थाप पडली. निवृत्तीतात्या गुरव. पालखीपुढं चालण्याचा मान आण्णांना द्यायचा होता, म्हणून ते हार घेऊन बोलवायला आले होते.

त्यांनी पाय बघितला. हार हातात तसाच राहिला.

“गुरवदादा,” आण्णा म्हणाले, “पोरीची पिशवी मला परत द्या.”

“दत्तोबा, देवाला वाहिलेली हाय ती.”

“माहीत हाय.”

“मी गुरव हाय बाबा. मला देता न्हाई येत. आजवर कुणी दिलेलं परत मागितलं न्हाई. उद्या कायबी वंगाळ झालं तर गाव माझ्या नावानं बोटं मोडंल. तुझ्याबी.”

“मोडू दे. पोरगी जाईल हो माझी!” आण्णांनी बसल्या बसल्या पुढं सरकून तात्यांचे पाय धरले. ज्या माणसाचे पाय धरायला सकाळपासून गाव लोटलं होतं, तो असा फरशीवर सरपटत होता. “मी चुकलो. माझं काय करायचं ते देवानं करावं. तिची सुई तेवढी द्या.”

तात्यांनी पाय सोडवून घेतले आणि ते निघून गेले. हार उंबऱ्यावर पडला.

ती वीस मिनिटं मला आठवतात तशी परीक्षेची वेळसुद्धा आठवत नाही. दुसरी बाटली आणायची तर तालुका बावीस किलोमीटर, यात्रेमुळं एसटी गावाबाहेरूनच वळवलेली. मी मोरीत जाऊन ओकले. आई माझी पाठ चोळत होती आणि ओसरीवर आण्णा एकाच गोष्टीचा घोष करत होते, “मी मूर्ख, मी मूर्ख, मी मूर्ख.”

मग अंगणात पावलं वाजली. तात्या आले. सोवळं नेसून आले होते. दोन्ही हातांवर माझी पिशवी होती, तिच्यावर झेंडूचं फूल आणि चिमूटभर भंडारा.

“देवापुढं नारळ ठेवतो आपण,” ते म्हणाले, “तो परत आणून खातोच का न्हाई? तेवढं मला कसं सुचलं न्हाई आधी. देवाचं देवाला पोचलं पोरी. हा परसाद. घे.”

मी ओंजळीत पिशवी घेतली. बाटल्या गार होत्या. आमच्या मडक्यापेक्षा भैरोबाचा गाभारा थंड, हे तेव्हा कळलं. मी तिथंच, तात्यांच्या देखत, सिरिंज भरली आणि पोटात टोचून घेतली. त्यांनी तोंड फिरवलं आणि हात जोडले, कुणाला ते त्यांनाच ठाऊक.

सरपंचांची जीप त्यांनीच मागून आणली. तासाभरात आम्ही तालुक्याला मुजावर मॅडमसमोर होतो. मला सलाइन, आण्णांच्या पायाला ड्रेसिंग. मॅडम रागावल्या की आधी गप्प व्हायच्या, मग बोलायच्या. त्या दिवशी त्या खूप वेळ गप्प होत्या.

“दत्तोबा,” शेवटी म्हणाल्या, “तुमच्या मुलीच्या अंगात इन्शुलिन बनतच नाही. नाही दिलं तर ती दोन दिवसांत पडते, म्हणून तिची काळजी सगळ्यांना. तुमच्या अंगात बनतं, पण त्याचा उपयोग होत नाही. तुम्ही पडत नाही. तुम्हाला वाळवी लागते. पाय, डोळे, मूत्रपिंड, आतल्या आत. दहा वर्षं काही कळत नाही आणि मग एक दिवस सगळं कळतं. हिची खरी आणि तुमची वयाची, असं काही नसतं हो.”

“पाय जाईल?” आण्णांनी विचारलं.

“सकाळी झालं आणि दुपारी आणलंत. लोक पंधरा दिवसांनी आणतात, वास यायला लागल्यावर. मी पाय वाचवायचं बघते. शब्द देत नाही.”

दीड महिना तिथं काढला. करंगळी गेली. पाय राहिला. जखम भरायची तर साखर ताब्यात हवी म्हणून मॅडमनी आण्णांना इन्शुलिन लावलं. नवस केला होता सुई सुटायचा, आणि घरात उलट दुसरी आली! आण्णा स्वतःला टोचून घ्यायला घाबरायचे. मला सात वर्षं टोचणारा माणूस स्वतःच्या पोटाला सुई लागली की डोळे गच्च मिटायचा. मग मीच द्यायला लागले.

“हलकं टोच गं.”

“मला कधी हलकं टोचलंत?”

“तू ओरडायची न्हाईस म्हणून मला वाटायचं दुखत नसंल.”

“तुम्ही रडाल म्हणून ओरडायचे नाही.”

थोड्या वेळानं आण्णा म्हणाले, “नर्सिंगचा फॉर्म कधी भरायचा असतो?” तोवर त्यांचा त्याला सक्त विरोध होता. सुईवरची पोरगी हॉस्टेलवर एकटी कशी राहील, म्हणून. मी त्याच जूनमध्ये गेले.

आण्णा आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चष्मा जाड झालाय, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. मशीनला मोटर बसवली. रोज संध्याकाळी आरसा खाली ठेवून तळवे बघतात. हे सगळं खरं, पण मला सांगायचंय ते करंगळी गेल्यावरच्या पुढल्या यात्रेचं.

गावात तोवर वेगळीच गोष्ट पसरली होती. दत्तू टेलरला देव पावला होता, पण त्यानं देवाला दिलेली सुई परत आणली, म्हणून देव कोपला आणि करंगळी घेऊन गेला. लहान पोरंसुद्धा हीच गोष्ट सांगायची. निवृत्तीतात्यांच्या नावानंही लोक बोटं मोडत होते, पण त्यांनी खरं काय ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आण्णांची इज्जत गेली असती.

यात्रेच्या आठ दिवस आधी देवळाच्या मंडपात बैठक बसते आणि विस्तवात उतरणाऱ्यांची नावं वाचतात. मी सुट्टीला आले होते. आण्णा म्हणाले, चल माझ्याबरोबर. मंडपात साठ-सत्तर माणसं होती. कोप झाला असला तरी मागल्या वर्षीचा मान मोठा, म्हणून पहिलं नाव वाचलं ते ‘दत्तोबा पतंगे’. त्यांनी पुन्हा चालून देवाची माफी मागावी, असं गावाचं म्हणणं पडलं.

आण्णा उभे राहिले. चार माणसांत बोलायची त्यांना सवय नाही. त्यांनी मोजा काढला, पाय बाकावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“मला देव पावला नव्हता,” ते म्हणाले. “मी चाललो, कारण माझे पाय मेलेले होते. साखरेनं. मला विस्तव लागलाच न्हाई, तर त्यात माझी भक्ती कसली? त्या दिवशी जे पळाले ना, त्यांचे पाय चांगले हायत. त्यांनी देवाचे आभार मानावेत. आणि गुरवदादानं देवाचं काय चोरलं न्हाई. त्यानं माझी लेक परत दिली मला. करंगळी देवानं न्हाई नेली. ती मी गोळी खाल्ली न्हाई म्हणून गेली.”

मागून कुणीतरी हसलं, ते लगेच दाबलं गेलं. आण्णांनी माझ्याकडे बोट केलं. “ही माझी पोरगी, नर्सिंगला हाय. ज्याला ज्याला साखर हाय आन जो चरात उतरणार हाय, त्यानं आधी हिला पाय दाखवावा. मग उतरायचं का न्हाई ते ठरवावं. एवढंच सांगायचं होतं.”

आणि ते खाली बसले. मी त्यांच्याशेजारी उभी, कान लाल झालेले, कुठं बघावं कळेना. किती वेळ गेला कोण जाणे. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. कुणी पुढं येईना. आण्णांची मान खाली गेली होती.

मग गाभाऱ्याच्या पायरीवरून निवृत्तीतात्या उठले. सावकाश चालत आले, माझ्यासमोर बाकावर टेकले, उपरण्यानं तळवा पुसला आणि पाय माझ्यापुढं केला. उदबत्तीच्या घरातली एक काडी काढून, टोचून बघायला म्हणून त्यांनीच माझ्या हातात दिली.

“माझा बघ आधी,” ते म्हणाले आणि मग आवाज खाली आणून, माझ्या एकटीपुरतं, “दोन वरसं झाली पोरी, मला गाभाऱ्याची फरशी गार लागत न्हाई.”

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. मान वर केली तेव्हा त्यांच्या मागं अकराजण वहाणा काढून उभे होते.